सायनस वर्षभर बराच होत नाहीये, मागे दुसरा काही आजार असू शकतो का?

हो, असू शकतो. माझ्या आईचं असंच झालं, आम्ही पंचवटीत राहतो, तर सगळे म्हणायचे नाशिकची थंडी आहे, वाफ घ्या, अँटिबायोटिकचे कोर्स झाले तरी रोज सकाळी रुमालात रक्ताळलेल्या खपल्या निघायच्याच. शेवटी र्‍हुमॅटॉलॉजिस्टने (सांधे आणि इम्युनिटीच्या आजारांच्या डॉक्टरांनी) अँका ही ब्लड टेस्ट सांगितली, त्यात आपल्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधतात, आणि निघालं जीपीए (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस), म्हणजे आपलीच इम्युनिटी बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणते, मग नाकासोबत फुफ्फुसं, किडनीपण सापडतात त्यात. बहुतेकांना अ‍ॅलर्जी किंवा पॉलिप (नाकातली मऊ गाठ) असं साधंच कारण असतं, लगेच घाबरू नका. पण १२ आठवड्यांच्या वर चाललंय आणि खपल्या, रक्त, कानात दडे, सांधेदुखी असं असेल तर ईएनटीला स्पष्ट विचारा, आणि लघवीची साधी तपासणी कराच, किडनीला सूज आली तरी दुखत काहीच नाही हो.