जर्नल असूनही फायली कोऱ्या का?

प्रश्न : आमच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये वजनकाट्याला लिनक्सचा संगणक जोडला आहे. प्रत्येक क्रेटच्या वजनाची वेगळी फाइल बनते. वीज गेली की शेवटच्या काही फायली शून्य बाइटच्या निघतात. फाइलसिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) ईएक्सटी४ आहे, म्हणजे जर्नल आहे. मग असं का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक)

उत्तर : जर्नल म्हणजे बदल करण्याआधी त्यांची नोंद ठेवणारी वही. ते सांभाळतं फाइलसिस्टिमचं स्वतःचं खातं : फाइलचं नाव, आकार, कोणता ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचा तुकडा) कुणाचा. नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत तुमचा मजकूर जर्नलमध्ये जात नाही. फक्त तो आधी डिस्कवर आणि त्याच्या ब्लॉकची नोंद नंतर, एवढा क्रम पाळला जातो. गोम अशी, की ईएक्सटी४ नव्या मजकुराला जागा देणंच मुद्दाम लांबवतं. नाव साधारण ५ सेकंदांत पक्कं होतं, मजकूर मात्र मेमरीत ३० सेकंद किंवा थोडा जास्तही पडून राहतो. त्या फटीत वीज गेली की नाव उरतं आणि वजन जातं. क्रम कुठेच मोडलेला नसतो! जुनी फाइल बदलताना ईएक्सटी४ मजकूर लवकर उतरवायला घेतं, पण कोऱ्या करकरीत फाइलला ती सवलत नाही.

दुरुस्ती प्रोग्रॅममध्येच करावी लागेल. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने फाइल लिहा, तिच्यावर एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायला लावणारा हुकूम) करा, मग रिनेम करून खरं नाव द्या आणि शेवटी फोल्डरवरही एफसिंक करा. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. ती नसेल तर मजकूर उतरलेला असूनही नवं नाव हरवू शकतं. पायथनमध्ये नुसतं फ्लश पुरत नाही. त्याने मजकूर प्रोग्रॅममधून कर्नलपर्यंतच (लिनक्सच्या गाभ्यापर्यंतच) पोहोचतो, पुढे ओएस.एफसिंक लागतंच. एफसिंकने चूक परत दिली, तर काट्यावर ‘नोंद झाली’ दाखवू नका.

आता डिस्क. तिच्या आत स्वतःचा कॅशे (तात्पुरती मेमरी) असतो आणि ती आलेलं लिखाण सोयीप्रमाणे मागेपुढे करते. म्हणून कर्नल मोक्याच्या जागी ‘कॅशे रिकामा कर’ असा हुकूम देतं. डिस्क बसवायचे काही स्वस्त यूएसबी डबे हा हुकूम पुढे पोहोचवतच नाहीत. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्डडिस्क असेल तर परीक्षा सोपी आहे : तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा लिहून दर वेळी एफसिंक करा. डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, त्यामुळे सेकंदाला होणाऱ्या एफसिंकचा आकडा त्याच्या वर जायला नको. हजारात गेला, तर मधलं कुणीतरी थाप मारतंय. अशा वेळी एचडीपार्म या लिनक्सच्या कमांडने डिस्कचा राइट कॅशे बंद करून पाहा, वेग पडेल. एसएसडीला ही परीक्षा लागू नाही.

इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज बदलण्याच्या क्षणीच संगणक रीस्टार्ट होतो.

प्रश्न : वेगासाठी डिस्क माउंट करताना (वापरासाठी जोडताना) ‘बॅरिअर=०’ दिलं तर चालेल का?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : साध्या डिस्कवर अजिबात नको. त्या पर्यायाने वरचा ‘कॅशे रिकामा कर’ हा हुकूमच थांबतो. मग जर्नलची ‘पूर्ण’ ही खूण नोंदींच्या आधी डिस्कवर पोहोचू शकते, आणि वीज आल्यावर अर्धवट नोंदी खऱ्या मानून फाइलसिस्टिमच बिघडते. कॅशेला बॅटरी असलेला कंट्रोलर (डिस्क चालवणारं कार्ड) असेल तर धोका नाही. पण तो हा हुकूम एरवीही चटकन उरकतो, त्यामुळे वेगात फरक जेमतेमच पडेल.