दरांच्या यादीत हप्त्याचं बटण असावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिक, पुणे आणि संभाजीनगरमधल्या हॉस्पिटलांचे ठरावीक शस्त्रक्रियांचे दर एकाच ठिकाणी पाहता येतील, अशी वेबसाइट तुम्ही तिघं मिळून बनवताय. एका फायनान्स कंपनीचा प्रस्ताव आलाय की प्रत्येक दराशेजारी ‘उपचार आत्ता, पैसे नंतर’ असं बटण ठेवा, मंजूर होणाऱ्या प्रत्येक कर्जामागे आम्ही कमिशन देऊ. तर ते ठेवावं का?

मी चौदा वर्षं पुण्यात एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर काम केलं. त्यातली शेवटची चार वर्षं कर्ज देणाऱ्या कंपनीचं टेबल माझ्या खुर्चीला लागूनच होतं. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते. हप्त्याची माहिती जरूर द्या, पण दरांच्या यादीत नको. माणूस हॉस्पिटल निवडून, एकूण रक्कम पाहून पुढच्या पानावर आला की तिथे द्या. आणि तिथेही फुकटात किंवा सवलतीत उपचार मिळण्याच्या वाटा आधी, कर्ज त्यानंतर.

माहिती लपवा असं मी अजिबात म्हणत नाही. ‘डिपॉझिट भरा’ म्हटल्यावर घरच्यांचं काय होतं ते मी रोज पाहिलंय. आधी मेव्हण्याला फोन जातो, मग पतसंस्थेतल्या ओळखीच्या माणसाला, मग बायकोच्या हातातल्या पाटल्यांकडे नजर जाते. गावाकडून आलेला असेल तर महिना शेकडा तीनने पैसे उचलतो, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. अशा माणसाला नोंदणीकृत कंपनीकडून पंधरा-सोळा टक्क्यांनी कर्ज मिळत असेल आणि ते त्याला ठाऊकच नसेल, तर नुकसान त्याचंच आहे. काही जणांचं ऑपरेशन केवळ हप्त्यांमुळे वेळेवर झालं, हेही मी पाहिलंय.

मग यादीत का नको? कारण तुमच्या यादीतला दर हा मुळात अंदाज असतो. पॅकेजमध्ये इम्प्लांट धरलंय का, कोणत्या कंपनीचं, आयसीयूचा एक दिवस धरलाय की दोन, औषधं वेगळी की आतच, यावर अंतिम बिल ठरतं. काउंटरवर आम्ही एस्टिमेट देताना तोंडीही सांगायचो की हे वाढू शकतं. त्या अंदाजाला बाराने भागून ‘दरमहा इतके’ लिहिलं की तो आकडा ठाम वाटायला लागतो. पुढे बिल वाढलं की वरची रक्कम त्याच घराला रोखीने उभी करावी लागते, तीही डिस्चार्जच्या दिवशी.

दुसरं कारण याहून मोठं आहे. समजा एका हॉस्पिटलचा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा दर ₹२,४०,००० आहे आणि दुसऱ्याचा ₹२,१०,०००. पहिल्याने २४ हप्ते दिले तर शेजारी दिसेल ‘दरमहा ₹१०,०००’. दुसऱ्याने १२ दिले तर ‘दरमहा ₹१७,५००’. घाईत पाहणाऱ्याला तीस हजारांनी महाग असलेलं हॉस्पिटल स्वस्त वाटणार. दर ताडून पाहता यावेत म्हणून तुम्ही साइट काढताय, आणि हे बटण नेमकं तेच ताडणं बिघडवून टाकतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी हप्ते, या शब्दांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण प्रस्तावात ते नक्की असतील. व्याज कुणीतरी भरतंच. बहुतेक वेळा कंपनी हॉस्पिटलला पूर्ण रक्कम देत नाही, स्वतःचं व्याज आधीच कापून घेते. उदाहरणासाठी आकडे घेऊ. बिल ₹२,४०,०००, हॉस्पिटलला मिळाले ₹२,२४,०००, रुग्णाकडून १२ हप्ते ₹२०,००० चे. कंपनीला वर्षाला साधारण १३ टक्के सुटले. आता तोच रुग्ण रोख घेऊन आला असता आणि ‘काही कमी करा’ म्हणाला असता, तर हॉस्पिटलने सोळा हजार त्याला सोडले असते का? आमच्याकडे बऱ्याचदा सोडायचे. म्हणजे ती सूट गमावणं हीच त्याची व्याजाची रक्कम. त्यावर दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर आणखी ₹५,६६४ जातात, आणि खरा भार वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास पोचतो. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना सांगितलं होतं. ते वस्तूंच्या हप्त्यांबद्दल होतं, पण हिशेब तोच आहे.

अमेरिकेत हे फार आधी घडून गेलंय. दंतवैद्य आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांत ‘केअरक्रेडिट’ नावाचं कार्ड तिथल्या तिथे काढून दिलं जायचं. बऱ्याच रुग्णांना वाटलं की ते बिनव्याजी आहे. प्रत्यक्षात ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम फेडली नाही, तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज २६.९९ टक्क्यांनी लागत होतं. तिथल्या ग्राहक आर्थिक संरक्षण ब्युरोने डिसेंबर २०१३ मध्ये त्या कंपनीला ३ कोटी ४१ लाख डॉलरपर्यंतची रक्कम ग्राहकांना परत करायला सांगितलं. कार्ड देणारी माणसं दवाखान्यातलीच होती आणि अटी त्यांनाही नीट माहीत नव्हत्या. आपल्याकडे काउंटरवर बसणाऱ्या मुलींचं वेगळं नसतं. मला स्वतःला एपीआर म्हणजे काय (व्याज आणि फी सगळं धरून कर्जाचा वर्षाचा खरा दर) हे टेबल आल्यानंतर सहा महिन्यांनी कळलं.

आता मला सर्वांत जास्त सतावणारी गोष्ट. उपचार अर्ध्यावर थांबला तर कर्जाचं काय होतं?

फ्रिज हप्त्याने घेतला तर फ्रिज घरात येतो. अलायनर (दात सरळ करणारे पारदर्शक साचे), आयव्हीएफ, केसरोपण, फिजिओथेरपीचं पॅकेज हे महिनोन्‌महिने चालणारे उपचार असतात, पण कर्जाची रक्कम बहुधा पहिल्याच आठवड्यात दवाखान्याच्या खात्यात गेलेली असते. माझ्या भाचीने अलायनरसाठी १८ हप्त्यांचं कर्ज घेतलं. पाचव्या महिन्यात तिच्या दवाखान्याची ती शाखा बंद झाली. फोन उचलेनात. कर्ज कंपनी म्हणाली, आमचा करार तुमच्याशी आहे, दवाखान्याचं तुम्ही बघून घ्या. तिने रागाने बँकेतून नॅच मँडेट, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी, बंद केला. मग बाउन्सचे चार्जेस, वसुलीचे फोन, आणि सिबिल इतका घसरला की पुढच्या वर्षी घराच्या कर्जाला बँकेने नकार दिला. शेवटी तिने उरलेले सगळे हप्ते भरले. दात अर्धवट सरकलेले राहिले, दुसऱ्या डॉक्टरकडे परत पहिल्यापासून खर्च. ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, तारखा चालू आहेत.

नियम आहेत, नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२५ मध्ये त्या नव्या निर्देशांत एकत्र केल्या. कर्ज घेतल्यावर विचार बदलला तर किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. कागदावर चांगलं आहे. पण मुद्दल आहे कुठे? ते हॉस्पिटलच्या खात्यात. उपचारासाठीचं कर्ज थेट तिथे जमा करायला नियमांची परवानगी आहे. हॉस्पिटलने त्याच दिवशी परत दिलं तरच त्या मुदतीला अर्थ. आमच्याकडे रिफंड अकाउंट्समधून निघायला आठ ते दहा दिवस लागायचे. तुमच्या साइटवर हे वाक्य ठळक असायला हवं: ‘शस्त्रक्रिया रद्द झाली तर पैसे कोण, किती दिवसांत परत करणार’. उत्तर नसेल तर त्या हॉस्पिटलसमोर हप्त्याचा पर्याय दाखवू नका.

आणि कर्जाच्या आधी फुकटाच्या वाटा, हे मी का म्हणते? एका रात्री नगर जिल्ह्यातला एक मुलगा वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी त्या टेबलावर सही करून गेला. खिशात केशरी रेशनकार्ड. आमचं हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नव्हतं, पण जवळच असलेलं एक हॉस्पिटल होतं. त्याला कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तेव्हा तसं सांगायचं नाही, अशीच पद्धत होती, आणि ते मला आजही टोचतं. ती योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे, पांढऱ्या कार्डालासुद्धा. २०२३ मध्ये शासनाने तसा निर्णय घेतला, आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात रुग्णांना मदत करायला योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, बसतो. यादीतलं कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे ही खूण तुम्ही दराशेजारी दाखवा. हप्त्याच्या बटणापेक्षा त्या जागेचा हा कितीतरी चांगला उपयोग आहे.

तसंच धर्मादाय हॉस्पिटलांचं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लावून दिलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. पुण्यातली कितीतरी नावाजलेली हॉस्पिटलं यात मोडतात आणि रुग्णांना ते ठाऊक नसतं. तिथे बिलिंगला नव्हे, समाजसेवा विभागात जायचं असतं, तेही दाखल होतानाच. डिस्चार्जच्या दिवशी मागितलं तर खटपट फार होते. विमा असेल तर कॅशलेसचं आधी विचारायचं, हे बहुतेकांना माहीत असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

कमिशनबद्दल. तुम्ही ग्राहक मिळवून देऊन कमिशन घेतलं की रिझर्व्ह बँकेच्या भाषेत तुम्ही लेंडिंग सर्व्हिस प्रोव्हायडर, म्हणजे कर्ज कंपनीच्या वतीने काम करणारे मध्यस्थ, होता. एकाहून जास्त कंपन्या जोडल्या तर रुग्णाला लागू होणारे सगळे प्रस्ताव दाखवावे लागतात: कंपनीचं नाव, रक्कम, मुदत, एपीआर, हप्ता, दंड, मुख्य तथ्य विवरणाची (कर्जाच्या मुख्य अटी मांडणारा कागद) लिंक. एकाला पुढे ढकलून दुसऱ्याला लपवता येत नाही. हे वाचून तुमच्यातल्या एकाने तरी वकिलाला भेटावं. पण नियमापलीकडचं सांगते. आपल्याकडे कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं, हा शब्द रिक्षावाल्यालाही माहीत आहे. २०१७ मध्ये राज्याने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही केला होता. कर्ज जितकं मोठं तितकं तुमचं कमिशन मोठं असेल, तर महागडं हॉस्पिटल वर दाखवण्याचा मोह आज नाही तर दोन वर्षांनी होईल. कमिशन घ्यायचंच असेल तर कर्जाच्या रकमेशी न जोडलेली ठरावीक फी मागा, आणि ती किती आहे ते पानावर लिहा. यादीचा क्रम तिच्यामुळे कधीही बदलू नये.

कोणी कोणता आजार शोधला हे कर्ज कंपनीला जाता कामा नये. बाईने आयव्हीएफचे दर पाहिले म्हणून संध्याकाळी तिच्या नवऱ्याच्या फोनवर कर्जाचा मेसेज आला, असं तुमच्यामुळे होऊ देऊ नका.

सगळ्या उपचारांना एकच नियम लावू नका. मोतीबिंदू, हर्निया, लेसिक, रूट कॅनाल यांचा दर बऱ्यापैकी पक्का असतो आणि माणसाला विचार करायला वेळ असतो. तिथे पुढच्या पानावर हप्ता दाखवायला माझी हरकत नाही. दीर्घ पॅकेजेसमध्ये टप्प्याटप्प्याने पैसे देता येत असतील, तर कर्जापेक्षा ते आधी दाखवा. बरेच दंतवैद्य स्वतःच बिनकर्जाने तीन-चार भागांत घेतात. अपघात, प्रसूतीतली गुंतागुंत, आयसीयू, कॅन्सर यांच्या पानांवर मात्र हे बटण अजिबात नको. त्या अवस्थेत माणूस समोर येईल त्यावर सही करतो. मी त्या सह्या पाहिल्या आहेत, नाव लिहिताना हात थरथरत असतो.

पुढच्या आठवड्यात त्या कंपनीबरोबर बैठक आहे म्हणालात. तिथे एकच गोष्ट लेखी मागा: दवाखान्याने उपचार पूर्ण केला नाही तर उरलेले हप्ते थांबतील, आणि त्या काळात सिबिलला थकबाकी कळवली जाणार नाही. आमच्या टेबलावरच्या माणसाला मी हे दोनदा विचारलं होतं, त्याने वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटलं आणि कधीच सांगितलं नाही. तुम्हाला कागद मिळाला तर इथे नक्की कळवा, मी तो ओळ न्‌ ओळ वाचून देईन.