लेकीला मिशनरी व्हायचंय, पण नर्सिंगचं शेवटचं वर्ष सोडून?

प्रश्न : आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मी सोलापुरात एका चादर कारखान्यात हिशेब लिहितो. मुलगी एकवीस वर्षांची, बीएस्सी नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात तरुणांच्या शिबिरात तिने साक्ष दिली, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सगळ्यांसमोर सांगितला. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं : मला पाचारण झालंय, मी सेवेला जाणार. एका गटाने तिला वर्षभराचं प्रशिक्षण आणि पुढे झारखंडमध्ये काम देऊ केलंय, पण ताबडतोब या म्हणतात. शैक्षणिक कर्ज अजून डोक्यावर आहे. तिची आई रडते, आजी मात्र खूश आहे. तिला अडवलं तर देवाला अडवल्यासारखं होईल का?
– एक वडील, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार आणि सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तुमच्या पाळकसाहेबांनी द्यायचं. मी ख्रिस्ती नाही, देवाच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. पण श्रद्धेपायी ज्यांनी आयुष्य सेवेत घातलं अशा माणसांची चरित्रं मी मनापासून वाचत आलो आहे. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ओढ एखाद्या रात्रीत लागते, पण हात कामाला लागेपर्यंत वर्षं जातात, आणि त्याच वर्षांमुळे पुढचं काम टिकतं. म्हणून सेवेला जायला मुलीला अडवू नका. शेवटचं वर्ष सोडायला मात्र नक्की अडवा.

वेल्लोरच्या आयडा स्कडर यांचं नाव तिने नर्सिंग कॉलेजात ऐकलं असेलच. घराणं मिशनरी डॉक्टरांचं, पण त्यांना स्वतःला हे आयुष्य नको होतं. 1890 च्या सुमारास त्या तमिळ मुलखात तिंडिवनमला वडिलांकडे आल्या होत्या. एका रात्री तीन घरांतून माणसं आली. बायको अडली आहे, पण पुरुष डॉक्टर चालणार नाही, तुम्ही चला, असं प्रत्येकाचं म्हणणं. आयडा यांना वैद्यकीचं काहीच येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. निर्णय त्या रात्रीच झाला. पण त्या लगेच कुठल्या गावात जाऊन बसल्या नाहीत. अमेरिकेला परतल्या, डॉक्टर झाल्या आणि 1900 मध्ये वेल्लोरला आल्या. 1909 मध्ये तिथे नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं, 1918 मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा निघाली. त्या रात्रीच्या भरात त्या शिक्षणाशिवाय राहिल्या असत्या, तर पुढच्या अडलेल्या बाईजवळ बसून प्रार्थना करण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नसतं. हे मुलीला जरूर वाचायला द्या. तीही नर्स होणार आहे, तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता घरच्यांबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तिच्या आईची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने बायबलमधला नवा करार दिला. बाप्तिस्मा त्यांनी 1895 मध्ये घेतला. मधला काळ वाचनाचा आणि मनातल्या झगड्याचा होता. पण पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता त्यांनी हे पाऊल टाकलं, आणि त्याचे चटके त्या बाईने सोसले. ताटातुटीच्या त्या काळात त्या आपल्या पंढरपुरातही नातलगांकडे राहिल्या. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मनाचा कौल घेऊन. टिळकांबद्दल मला नितांत आदर आहे, तरी लक्ष्मीबाईंचं ते दुःख टाळता आलं असतं असंच मला वाटतं. तुमच्या घरी तर धर्माचा वादच नाही, सगळे एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, जाता. मग मुलीने आईला सोबत घेऊन चालावं, ही अपेक्षा मुळीच जास्त नाही.

पुण्याला जाताना रेल्वेने केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मधला, इंग्लंडमध्ये झालेला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. केडगावचं मोठं काम त्यानंतरचं, 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली-बायकांना आसरा देताना वाढलेलं. म्हणजे एवढ्या मोठ्या बाईची श्रद्धासुद्धा टप्प्याटप्प्याने पक्की झाली. शिबिरातली साक्ष खरीच आहे, मी ती हलकी मानत नाही. पण तो पहिला टप्पा आहे.

त्या गटाची घाई मला अजिबात पटलेली नाही. चार वर्षांचं शिक्षण शेवटच्या टोकाला सोडून ये, असं सांगणारा तिच्या भल्याचा विचार करत नाही, मग तो कितीही गोड प्रार्थना करो. तुम्ही त्यांना भेटा आणि हिशेबनिसाच्या नजरेने विचारा. संस्था नोंदलेली आहे का, दरवर्षी ऑडिट होतं का? मुलीला मानधन कोण देणार आणि नेमणूक लेखी आहे का? आजारी पडली तर खर्च कोणाचा, भविष्यनिर्वाह निधी आहे का? तिला परत यायचं असेल तर तिची मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या ताब्यात असतील? परदेशी देणग्यांवर काम चालत असेल तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी चालू आहे का, हे विचाराच. 2010 च्या या कायद्याचे नियम 2020 मध्ये आणखी कडक झाले. अशी नोंदणी असलेली एक संस्था परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. वरून येणारा पैसा थांबला की सगळ्यात आधी गावात काम करणाऱ्याचं मानधन थांबतं. शैक्षणिक कर्जाचे हप्ते तर साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. पदवी अर्धवट राहिली तर ते कोण भरणार, हे मुलीनेच तुम्हाला कागदावर मांडून दाखवावं. सेवेला निघालेल्या माणसाला कर्जाचं गणित यायलाच हवं.

पैशाचा आणखी एक मार्ग आहे आणि तो मला जास्त आवडतो. 1903 मध्ये व्ही. एस. अझरिया आणि त्यांच्या सोबत्यांनी तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी सुरू केली. तिथल्या साध्या मंडळ्यांनी आपल्या वर्गणीतून आपली माणसं तेलुगू मुलखात, दोर्नकलकडे पाठवली. तुमच्या मंडळीसमोर हा विषय मांडा. शिबिरात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती कुटुंबं दरमहा थोडे पैसे द्यायला तयार होतात ते बघा. मंडळी जिला पाठवते, तिची विचारपूसही मंडळी करते.

आता वाट कशी धरायची ते सांगतो. आधी आठव्या सेमिस्टरची इंटर्नशिप आणि पदवी, मग लगेच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. त्यानंतर झारखंडची घाई नको. आपल्याच राज्यात नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे. ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या ख्रिस्ती रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेचं. अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. अशा ठिकाणी जागा आहे का ते विचारून तिने वर्ष-दोन वर्षं काम करावं. रात्रपाळी, अपुरी माणसं, भाषा न कळणारे रुग्ण, रविवारी उपासनेलाही जायला न मिळणं, हे सगळं सोसून तिची ओढ टिकली तर तुम्हालाही शंका राहणार नाही. टिकली नाही तरी तिने काही गमावलेलं नसेल. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला सर्वसाधारण वयोमर्यादा तीस वर्षांची आहे आणि बीएस्सीवाल्यांना त्यासाठी अनुभवाची अटही नाही. सरकारी नोकरीचं दार तिच्यासाठी बरीच वर्षं उघडं आहे. दोन वर्षांनंतरही देवशास्त्र शिकावंसं वाटलं तर पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. पदवीधरांना तिथे बी.डी. ही देवशास्त्राची पदवी करता येते.

सोलापूरच्या मुलीजवळ एक भांडवल आहे, ते तिच्या लक्षात आणून द्या. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, घरी मराठी. हे ऐकत वाढलेल्या मुलीला नवी बोली शिकणं जड जात नाही. रुग्णाची भाषा शिकायला तिने आजपासून सुरुवात करावी.

एका बाबतीत मात्र मी ताकीदच देतो. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितलं. अनेक राज्यांत यावर स्वतंत्र कायदे आहेत, झारखंडमध्येही आहे. जिथे जाणार तिथला कायदा तिने वकिलाकडून समजून घ्यावा. कायदा बाजूला ठेवला तरी, खाटेवर पडलेला माणूस नर्सच्या हातात असतो. त्या अवस्थेत त्याला उपदेश करणं मला गैर वाटतं. त्याने मागितली तर प्रार्थना करावी, नाही तर सलाईन नीट लावावी. आपल्या शहरातल्या सेटलमेंटचा इतिहासही तिने वाचावा. ब्रिटिश सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं जात होतं आणि त्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. शाळा चालवल्या, हातांना काम दिलं, हे खरं. कुंपण सरकारचं होतं, हेही खरं. चांगल्या हेतूने गेलेली माणसं कोणाच्या बाजूला उभी राहतात, याचा विचार तिने निघण्याआधी करावा.

लग्नाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते तुमच्या मनात असणार. त्याची चर्चा या निर्णयाला जोडू नका. दोन्ही गोष्टी एकदम बोलल्या की तिला वाटेल, लग्नासाठीच तिला अडवलं जातंय.

या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघे नवरा-बायको तिला घेऊन चार दिवस चिंचपाड्याला जाऊन या. आधी पत्र लिहून परवानगी घ्या. तिथल्या नर्सेसना तिच्या आईने स्वतः विचारावं, रात्री झोपायला कुठे, जेवायला काय, घरी केव्हा जाता. आल्यावर मला लिहा. मुलीलाही लिहायला सांगा, तिचं पत्र मला वेगळं हवं आहे.