मुलाचा ताबा: निकालापर्यंत थांबू नका

इंदूरच्या कुटुंब न्यायालयात पेशीला गेले की व्हरांड्यात आपली मराठी माणसं गाठून तेच चार-पाच प्रश्न विचारतात. पत्रांतही तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा इथे देते. मात्र एवढं वाचून परस्पर अर्ज करू नका.

ताई, पाच वर्षं पूर्ण झाली की मूल आपोआप वडिलांकडे जातं ना?

नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं. त्यापुढे काय, ते मुलाच्या हितावरच ठरतं.

मला नोकरी नाही. नवरा म्हणतो, कमाई नसलेल्या बाईला कोर्ट मूल देणार नाही.

हे ऐकून घाबरू नका. कमाई हा एक मुद्दा आहे, निर्णय नव्हे. मुलाचा खर्च वडिलांकडून मागता येतो. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पत्नी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याला माहेरी गेली. दावा इंदूरला करता येईल?

1890 च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मूल जिथे सामान्यतः राहतं, तिथलं न्यायालय. जाऊन महिना झाला असेल तर इंदूरची बाजू भक्कम. तिकडच्या शाळेत दुसरं वर्ष सुरू झालं असेल तर अवघड. शाळेचा दाखला घेऊन याच आठवड्यात वकिलाला भेटा.

मुलगी सहा वर्षांची, आईकडे आहे. सात महिने भेट नाही. सगळे म्हणतात, घटस्फोटाचा निकाल लागू दे, मग बघू. थांबू का?

एक दिवसही थांबू नका. हा सल्ला देणाऱ्यांनी किती बापांचं आणि किती आयांचं नुकसान केलंय, ते मी वर्षानुवर्षं पाहते आहे. दावा चालू असतानाच भेटीचा किंवा तात्पुरत्या ताब्याचा अर्ज देता येतो. पालक व पाल्य कायद्याचं कलम 12 आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 त्यासाठीच आहे. निकालाला वर्षं लागतात. तेवढ्यात मुलाची घडी बसते आणि त्या घडीत तुम्ही नसता. पुढे मुलाचं हित तोलताना न्यायाधीशांना ती घडी मोडणं जड जातं.

एका वडिलांनी पहिल्या भेटीला बूट आणले होते, दिवाळीत घेऊन ठेवलेले. अर्जच उशिरा दिला, आदेश हातात येईपर्यंत पावसाळा लागला. भेटीच्या खोलीत ते गुडघ्यावर बसून मुलाची टाच बुटात ढकलत होते, जाईना. मुलगा म्हणाला, "काका, हे लहान आहेत." काका म्हणाला तो.

अर्जात नुसतं 'भेट द्यावी' लिहू नका. वार, वेळ, ठिकाण, सुट्ट्या, फोन, सगळं मागा. पालक दुसऱ्या राज्यात असेल तर त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. आणि मूल ज्याच्याकडे आहे त्यालाही सांगते: त्याला पढवू नका. सात वर्षांचं पोर 'मानसिक छळ' म्हणालं की शब्द कुणाचा, ते समुपदेशकाला लगेच कळतं.

एका एजंटने 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून ताबा माझ्या नावे करून दिला, 15 हजार घेतले. हे पक्कं ना?

नाही. हा न्यायालयाचा आदेश नव्हे. दोघांची खरोखर संमती असेल तर तीच अट परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात घालून हुकूमनाम्यात आणावी लागते, आणि परिस्थिती बदलली तर तीही बदलता येते. निकालाची हमी कुठलाही वकील देऊ शकत नाही. महिन्यात ताबा मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तो कागद मात्र फाडू नका, वकिलाला दाखवा.

मी आजी आहे. नातू सुनेकडे आहे. मला भेटता येईल का?

न्यायालय परवानगी देऊ शकतं. आधी समुपदेशकासमोर विषय काढा, बऱ्याचदा तिथेच मार्ग निघतो. नाहीच निघाला तर वकिलाकडे जा. जाताना फोटोंचा अल्बम नको, नातवाला शाळेत कोण सोडायचं, दुपारी जेवायला कोण घालायचं, ते तारखांसह लिहून न्या.