पोर्ट अनटॅग्ड केला तरी आयपी का मिळत नाही?

प्रश्न: मांद्रेला आमचं छोटं गेस्टहाऊस आहे. पाहुण्यांच्या मोबाईलवर ऑफिसचा प्रिंटर दिसतो म्हणून आठ पोर्टचा स्मार्ट स्विच आणला, ऑफिसला व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) १० आणि पाहुण्यांना २० केलं, राउटरवरही दोन्ही बनवलेत. पोर्ट ५ ला २० अनटॅग्ड दिलं, पण लॅपटॉप लावला की आयपीच (नेटवर्कवरचा पत्ता) येत नाही. शिवाय अ‍ॅक्सेस पॉइंट एकच आहे, त्यावर दोन्ही वायफाय चालतील का?

उत्तर: पोर्ट ५ चा पीव्हीआयडी (पोर्टला नेमून दिलेला व्हीलॅन नंबर) बघा, बहुतेक तो अजून १ च असेल. अनटॅग्ड म्हणजे काय, तर फ्रेम (डेटाचं पाकीट) पोर्टातून बाहेर जाताना तिच्यावरचा टॅग (व्हीलॅन नंबरची चिठ्ठी) काढ, बस. लॅपटॉपकडून आत येणारी बिनटॅगची फ्रेम कुठल्या व्हीलॅनात घालायची ते पीव्हीआयडी ठरवतो, आणि स्वस्तातल्या स्विचवर त्याचं पान वेगळंच असतं त्यामुळे हमखास राहून जातं (महागड्या स्विचवर अ‍ॅक्सेस पोर्ट म्हटलं की अनटॅग्ड आणि पीव्हीआयडी दोन्ही एकदम होतं). म्हणजे तुमच्या लॅपटॉपची आयपीची मागणी व्हीलॅन १ मध्ये जाते, तिथे द्यायला कोणी नाही. पीव्हीआयडी २० करा आणि पोर्ट ५ व्हीलॅन १ मधून काढा.

राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर १० आणि २० दोन्ही टॅग्ड (टॅग तसाच ठेवून) हवेत, राउटरवर दोघांचा वेगळा डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा). अ‍ॅक्सेस पॉइंट एक असला तरी चालतो. त्याच्या पोर्टवर १० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०, आणि २० टॅग्ड, मग त्याच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांच्या वायफायला व्हीलॅन २० लिहायचं.

पण खरी गोम पुढे आहे. व्हीलॅन वेगळे केले तरी बरेचसे राउटर १० आणि २० मध्ये आपणहून ये-जा करू देतात, तेव्हा प्रिंटर यादीत दिसला नाही तरी आयपी टाकून कोणीही त्याच्यापर्यंत पोचेल, म्हणून राउटरच्या फायरवॉलमध्ये (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं ते ठरवणारे नियम) २० कडून १० कडे जाणारं सगळं बंद करा आणि पाहुण्यांच्या वायफायवरून प्रिंटरला पिंग मारून बघा, उत्तर यायला नको.

ज्या पोर्टवर बसून सेटिंग करताय त्याला सगळ्यात शेवटी हात लावा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल आणि मग कदाचित रिसेटच करावा लागेल. आणि सेव्हचं बटण वेगळं असेल तर ते दाबाच, पावसात लाईट गेली की न सेव्ह केलेलं सगळं उडतं.