कंपाउंडेड सेमाग्लुटाइड आणि वेगोव्ही एकच का?

तुमच्या बहिणीला अमेरिकेत वेगोव्हीऐवजी स्वस्त कंपाउंडेड सेमाग्लुटाइड सुचवलंय. सेमाग्लुटाइड हे मूळ औषध आणि वेगोव्ही हे त्याचंच ब्रँडेड इंजेक्शन, तरी ही दोन्ही एकच नाहीत. वेगोव्हीला एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) २०२१ मध्ये वजन कमी करण्यासाठी मान्यता दिली. कंपाउंडेड औषध फार्मसी स्वतः बनवते; त्याचा दर्जा आणि सुरक्षितता एफडीए विक्रीआधी तपासत नाही. वेगोव्हीच्या टंचाईत अशा प्रती बनवायला सवलत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये टंचाई संपल्याचं जाहीर झालं आणि पुढच्या काही महिन्यांत सवलतही संपली.

मला खरी काळजी डोसची वाटते. वेगोव्हीच्या पेनमधून ठरलेला डोसच जातो, सुरुवातीला आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम. कंपाउंडेड बहुधा कुपीत येतं, सिरिंजमध्ये आपणच भरायचं. सिरिंजवरच्या खुणेने ‘२० युनिट’ म्हणजे किती मिलिग्रॅम, हे त्या कुपीतल्या औषधाच्या तीव्रतेवर ठरतं. या घोळात लोकांनी ५ ते २० पट औषध टोचून घेतल्याच्या नोंदी एफडीएकडे आहेत. काहींना दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

लेबलवर ‘सेमाग्लुटाइड सोडियम’ किंवा ‘अ‍ॅसिटेट’ असेल तर अजिबात घेऊ देऊ नका, ते मान्यताप्राप्त औषधातलं रूप नाही. अडचण फक्त पैशाची असेल तर आधी वेगोव्ही बनवणाऱ्या कंपनीचा रोखीचा दर विचारायला सांगा. विमा नसला तरी तो छापील किमतीपेक्षा बराच कमी असतो.