रबराचं वय विचारा

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही लेस्टरला राहतो. गेल्या दिवाळीत १९९६ची फोक्सवॅगन टी-फोर कॅम्पर (आत झोपायची-रांधायची सोय असलेली व्हॅन) घेतली. २.४ लिटरचं डिझेल इंजिन, वर उचलायचं छप्पर, १,४२,००० मैल झालेत. जूनमध्ये आई साताऱ्याहून येतेय. ती, आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी, असे चौघं कॅले, रेंस, दिजोंवरून स्वित्झर्लंडमध्ये शिरायचं आणि सिंप्लॉन घाट उतरून इटलीत मॅजोरे सरोवराच्या काठी आठवडाभर राहायचं, असा बेत आहे. एमओटी (इथली गाडीची वार्षिक सरकारी तपासणी) एकही शेरा न येता पास झाली. हाताशी ९०० पौंड आहेत. त्यातून नवा फ्रिज, सोलर पॅनेल आणि गाद्या करून घ्याव्यात असं वाटतं. गाडीचं आणखी काही बघायला हवं का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : फ्रिज आणि गाद्या पुढच्या वर्षी करा. हे ९०० पौंड रबरावर आणि तेलापाण्यावर घाला.

एमओटी पास झाली याचा अर्थ त्या दिवशी गाडी रस्त्यावर चालवायला योग्य होती. त्या तपासणीत इंजिन उघडत नाहीत, टायमिंग बेल्ट बघत नाहीत, स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीला हात लावत नाहीत. तुमच्या गाडीचं लोखंड अजून पुष्कळ चालेल. ही पाच सिलिंडरची इंजिनं दणकट असतात, मी ल्युटनच्या गॅरेजात अनेक हाताळली आहेत. पण एकोणतीस-तीस वर्षांच्या गाडीत रबर किती वर्षांचं आहे, हे मैलांच्या आकड्यावरून कळत नाही. ते एकेक करून विचारावं लागतं.

सुरुवात बेल्टपासून. या इंजिनात दोन बेल्ट आहेत. एक नेहमीचा, व्हॉल्व वेळेवर उघडणारा टायमिंग बेल्ट, आणि दुसरा गिअरबॉक्सच्या बाजूला, डिझेल पंप फिरवणारा. पहिला बदलून दुसरा तसाच ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आधीच्या मालकाकडून तारखेची पावती मिळाली नसेल तर दोन्ही जुनेच आहेत असं धरून बदला, आणि त्याच कामात वॉटर पंपही. चालत्या गाडीत टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्ववर आपटतो आणि इंजिन जातं. तुमच्या पैशांतला मोठा भाग इथे जाईल. जाऊ द्या.

मग पाण्याचे पाइप. गाडी पूर्ण थंड असताना प्रत्येक होज पाइप क्लिपजवळ चिमटीत दाबून बघा. भिजलेल्या पोह्यासारखा मऊ लागला, किंवा दाबल्यावर आतून करकरला, तर बदला. सिलिंडर हेडला पाइप जिथे जोडतात तिथला प्लास्टिकचा तुकडाही वयानं ठिसूळ होतो. मागे हीटर असेल तर त्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, तिथे धातूचा भाग गंजलेला आहे का ते खाली आडवं होऊन, टॉर्च घेऊन पाहा.

आता ब्रेक. इथे जरा थांबतो, कारण तुम्ही सिंप्लॉन उतरणार आहात.

१९९८ साली आम्ही तोच घाट उतरत होतो. आमची कॅम्पर तेव्हा चौदा वर्षांची होती, मागे दोन मुली झोपल्या होत्या. निघायच्या तीन आठवडे आधी एका गॅरेजनं पॅड बघून ‘ब्रेक उत्तम’ असं लिहून दिलं होतं, आणि पॅड खरोखरच चांगले होते. २,००५ मीटरवरच्या खिंडीतून इटलीच्या बाजूला लागलो, गोंडोची अरुंद दरी सुरू झाली आणि ब्रेकचं पॅडल पायाखाली लोण्यासारखं खाली गेलं. दुसऱ्या गिअरात टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली. बायकोनं मुलींना उतरवून कठड्यामागे उभं केलं. तासाभरानं सगळं निवल्यावर पॅडल पुन्हा कडक झालं.

झालं होतं ते असं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट-फोर तेल २३० अंशांच्या वर उकळतं, पण ओल भरलेलं १५५च्या आसपासच उकळू शकतं. लांब उतारावर ब्रेक तितके तापतात, तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पॅडल खाली जातं. ते तेल किती वर्षांचं होतं ते मी विचारलं नव्हतं. मिरजेच्या एसटी डेपोत शिकाऊ असताना जे वस्तादांनी मला पहिल्यांदा शिकवलं, तेच मी विसरलो, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो : ब्रेक ऑइल पूर्ण बदला, आणि चारही चाकांचे रबरी ब्रेक पाइप नवे घाला. जुना पाइप बाहेरून धड दिसतो, पण आतून फुगतो. मग तेल पुढे जातं, परत येत नाही, आणि ते चाक धरून राहतं.

उतरताना आपल्या घाटातल्या ड्रायव्हरांचा नियम पाळा : ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. पसरणी असो की सिंप्लॉन. चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर आतला हीटर पूर्ण चालू करा. जूनमध्ये आईंना उकडेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल.

टायरच्या कडेवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. कॅम्पर उभ्याच जास्त असतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि कडा तडकलेल्या, असं होतं. दहा वर्षांच्या जवळ आलेले टायर मी मुलाबाळांना बसवून नेणार नाही. नवे घेताना ‘सी’ खुणेचे, वजन पेलणारेच घ्या. आणि स्टेपनी! टी-फोरमध्ये ती मागे पोटाखाली टांगलेली असते, तिचे बोल्ट गंजून बसतात. घरच्या अंगणात एकदा काढून, ग्रीस लावून परत बसवा. रात्री फ्रान्सच्या हायवेवर ते काम पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

गॅसची नळी आणि रेग्युलेटर यांच्यावर तारीख छापलेली असते. दहा वर्षं झाली असतील तर दोन्ही बदला आणि जोड गॅसच्या जाणकाराकडून तपासून घ्या. ब्यूटेन शून्य अंशाजवळ वायू व्हायचं थांबतं, घाटमाथ्यावर मुक्काम करणार असाल तर प्रोपेन बरं. ब्रिटनचं सिलिंडर फ्रान्स-इटलीत सहसा बदलून मिळत नाही, तेव्हा भरलेलं घेऊन निघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र आजच आणा.

कागदांचं थोडक्यात. गाडीचं मूळ लॉगबुक (नोंदणीपत्र), ‘यूके’चा स्टिकर (जुना ‘जीबी’ चालत नाही), हेडलाइटवर लावायच्या पट्ट्या, त्रिकोण, आणि चमकणारी जॅकेटं हाताशी, डिकीत नाही. स्वित्झर्लंडच्या हायवेचं विन्येट (टोलचा स्टिकर) ४० फ्रँकला मिळतं. ब्रेकडाउन विमा घेताना गाडीचं साल सांगून लेखी होकार घ्या. छताची उंची मोजा, फ्रान्सच्या टोलला दोन मीटरच्या वर दर चढतो. तिथे तिकिटाचं मशीन डावीकडे येईल, म्हणजे तिकीट तुमच्या सौभाग्यवतींना घ्यावं लागेल. मिलानला गाडी नेऊ नका, जुन्या डिझेलला तिथे बंदी आहे. सरोवराकाठच्या स्ट्रेसाहून रेल्वेनं जा.

आईंचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढा, जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, म्हणजे तुमच्या बेतात इटलीकडे. ब्रिटनच्या पाहुणा-व्हिसावर आल्यावर इथून तो सहसा मिळत नाही. आणि घरातलं साजूक तूप लेस्टरलाच ठेवा. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. चटण्या, मेतकूट खुशाल न्या.

हे सगळं झालं की निघण्याआधी महिनाभर एक शनिवार-रविवार पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत काढा. पाण्याची टाकी भरून, सगळं सामान लादून आधी वजनकाट्यावर गाडी तोला आणि गाडीच्या पट्टीवर छापलेल्या कमाल वजनाच्या आकड्याशी ताडून बघा. मग कॅसलटनजवळचा विनॅट्स पास चढा आणि त्याच गिअरात उतरा. खाली आल्यावर चारही चाकांच्या जवळ तळहात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं वाटलं तर कोणतं ते मला लिहा.